भांड्यावरचं नाव

सोलापूर,
मंगळवार, दि. ६ मे २०२५

ती. वहिनींस,
शिवराजचा नमस्कार.

आज सकाळी सातला कामावर गेलो. कोल्ड स्टोरेजमधली नवीन टाकी काल तपासून झाली होती, ती आज सुरू केली. चारला ड्यूटी सुटली. येताना भाकरी आणि शेंगाचटणी घेतली. ऊन त्रेचाळीसवर आहे. आईशी जेऊरला फोनवर बोललो, तिचा गुडघा आता कमी दुखतो. तुम्ही आणि सृष्टी करमाळ्यात बऱ्या असाल. तुम्ही माझा फोन घेत नाही, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. म्हणून पत्र लिहितो.

टाकी आडवी आहे, जुनीपेक्षा थोडी लांब. बसवायला आलेल्या इंजिनिअरनं तिच्यावरची पाटी दाखवली. टाकी किती दाब आणि किती थंडी सोसेल ते त्यावर कोरलेलं आहे. गारठ्यात साधं लोखंड काचेसारखं ठिसूळ होतं, म्हणून हे पोलाद थंड करून, घाव घालून तपासलेलं असतं, असं तो म्हणाला. मी मान हलवली. दादानं मला हे कामाच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

दहा वाजता आत अमोनिया सोडला. काटा उतरत गेला. शून्य, उणे दहा, उणे वीस. मग टाकीखालच्या तेलाच्या भांड्यावर बर्फ धरू लागला. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ झालं होतं आणि आत त्या भांड्यावर आधी नुसती ओल आली, मग पिठी भुरभुरल्यासारखं पांढरं होत गेलं. आवाज काही नाही. मी किती वेळ उभा होतो ते कळलं नाही. आता मागून कुणीतरी येईल आणि त्या पांढऱ्यावर बोट फिरवेल, असं वाटत राहिलं. भांडं कोरंच राहिलं.

हे सृष्टीला माहीत नसेल. दादा दर मंगळवारी त्या भांड्यावर तिचं नाव लिहायचा. मशीनचं तेल अमोनियाबरोबर वाहत येऊन टाकीच्या तळाशी जमतं, ते आठवड्यातून एकदा काढावं लागतं. आधी भांड्याचा टाकीकडचा वॉल्व्ह घट्ट बंद करायचा. मग भांडं कोमट होईपर्यंत थांबायचं, म्हणजे आत अडकलेला अमोनिया उडून जातो आणि खाली फक्त तेल राहतं. बाकीचे घड्याळ बघतात. दादा बर्फावर बोटानं ‘सृष्टी’ लिहायचा आणि ते विरघळून पाणी होईपर्यंत खालच्या नळाला कुणाला हात लावू द्यायचा नाही. नाव गेलं की म्हणायचा, “पोरगी गेली खेळाया. आता काढ तेल.”

त्या खालच्या नळाला स्प्रिंगचा दांडा असतो. दाबून धरला तर नळ उघडा, हात सोडला की आपोआप बंद. गार तेल काकवीसारखं येतं. अर्धा तास धरून बसावं लागतं, मनगट भरून येतं. मी नवा असताना दादाला विचारलं होतं, वायरनं बांधून ठेवला तर काय होतं, सगळीकडे तसंच करतात. तो म्हणाला, “येड्या, ती स्प्रिंग शोभेला हाय व्हय? गॅसनं माणूस पडला तर नळानं आपला आपण मिटावं म्हणून हाय ती. बांधलीस तर तू पडशील आन ते वाहतच ऱ्हाईल की.” मग माझं मनगट चोळत म्हणाला, “हात दुखला की समजायचं, आपण जागं हाय.”

मी लांबण लावतोय, ते मला कळतंय, वहिनी.

आज जेवणाच्या सुट्टीत चंद्रव्वा मशीनरूमच्या दारात आली. मैंदर्गीची, डाळिंबाचे दाणे काढणाऱ्या बायकांची मुकादम. दादाच्या दहाव्याला आलेली, उंच बाई. ती कधी मशीनकडे येत नाही. तिनं कागदावर मूठभर दाणे आणले होते, ते माझ्या हातात दिले आणि नव्या टाकीकडे बघत उभी राहिली. मग सहज बोलावं तसं म्हणाली, “तुझा अण्णा त्या दिवशी वायर सोडवत होता. मी दारातनं बघितलं की.”

वर्षभर का बोलली नाहीस, असं मी विचारलं.

“आमाला कुणी इचारलं?”

तिनं विचारलं, “मग बांधली कुणी?”

मी हातातल्या दाण्यांकडे बघत होतो. “नी हेळु,” ती म्हणाली. “तूच सांग.” आणि गेली.

अपघाताच्या अहवालात लिहिलंय की वायर मृताच्या उजव्या मुठीत सापडली. त्यावरून ठरलं की दांडा त्यानंच बांधला होता, आणि हा त्याचाच निष्काळजीपणा. मुठीतली वायर म्हणजे दांड्यावरून सुटलेली वायर, हे कुणाच्या मनात आलं नाही. माझ्या आलं होतं. दहाव्याच्या दिवशी तुम्ही मला ओसरीवर विचारलंत, “भावजी, बांधायची नाही म्हणून रोज घरी येऊन सांगणाऱ्या माणसानं स्वतःच का बांधली?” मी म्हणालो, माहीत नाही.

वायर मी बांधली होती.

दादा थंड खोल्यांचं तापमान लिहून घ्यायला गेला होता. जाताना त्यानं भांड्यावर नाव लिहिलं आणि म्हणाला, “मी येईस्तवर हात लावू नगं.” टाकीकडचा वॉल्व्ह मी बंद केला होता, पण शेवटचा अर्धा फेरा आवळला नव्हता. आत अमोनिया येतच होता, म्हणून नाव विरघळत नव्हतं. ती थांबायची खूण होती. मला वाटलं, आज भांडं जरा जास्तच गार आहे. मी नळ उघडला, तेल येताना पाहिलं, दांडा वायरनं बांधला आणि बाहेर कडुलिंबाखाली चहाला गेलो. नाव तेव्हा स्पष्ट दिसत होतं. वेलांटीसुद्धा.

दहा मिनिटांनी दारातून पांढरं धुकं बाहेर आलं. उन्हात ते जमिनीलगत सरकत होतं. वहिनी, ते फार सुंदर दिसत होतं. मी कप हातात धरून बघत राहिलो. मग बायका पदर नाकाशी धरून पळत आल्या आणि मागून दादाचा आवाज आला, सगळ्यांना बाहेर काढणारा. तो बाहेर आला नाही. मास्कचं कपाट त्या धुक्याच्या पलीकडे होतं. मी दारापर्यंत गेलो, डोळे मिटले गेले, मागे फिरलो. थोड्या वेळानं धुकं यायचं थांबलं. नळ बंद झाला होता. आत चौतीस बायका होत्या, त्या सगळ्या घरी गेल्या.

अजून पुष्कळदा स्वप्नात मी त्या भांड्यासमोर बसलेला असतो. नाव विरघळत नाही आणि मी थांबलेला असतो. दादा शेजारी बसून असतो. जाग आली की वाटतं, अजून वेळ आहे.

उद्या दहाला कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयात जाऊन नवा जबाब देणार आहे. जे वर लिहिलं तेच. नोकरी राहणार नाही, गुन्हाही दाखल होईल. चंद्रव्वाही यायला तयार आहे. निघताना विचारलं, तेव्हा तिनं नुसती मान हलवली. कुणी बांधली हे तिला कळलं असावं.

दादाचा फोटो तुम्ही ट्रंकेत ठेवलाय, असं आई म्हणाली. तो बाहेर काढा. त्यानं तुमच्याशी बोललेला एकही शब्द मोडला नाही. सृष्टीला हे पत्र आता वाचून दाखवा किंवा मोठी झाल्यावर, तुम्हाला वाटेल तेव्हा. मला उत्तर लिहायची गरज नाही.

आता पाकीट चिकटवतो. घरातला डिंक जुना आहे, वाळायला वेळ लागतो. वर पितळी डबा ठेवला तरी चालेल, पण वाळेपर्यंत हातानंच दाबून धरीन.

तुमचा अपराधी दीर,
शिवराज