नवव्या गाण्याचा श्रोता

४ मार्च
गेली एकदाची लेक त्या टीव्हीवरच्या घरात! तेरा माणसं, साठ कॅमेरे आणि बाहेरून कुलूप. रोज लोकांना दिसली की तिचा नवा अल्बम खपेल म्हणे. कंपनीचा मॅनेजर मला समजावत होता, "मावशी, नुसतं चांगलं गाऊन आजकाल कोण विचारतंय? चेहरा दिसायला हवा." मग इतकी वर्षं गळा कशाला घासला? – ओठांवर आलं होतं, गिळलं.

बाकीची आठ गाणी चालोत, न चालोत. नववं तेवढं लोकांनी ऐकावं. त्यात ह्यांचं व्हायोलिन आहे. आणि अगदी सुरुवातीला ह्यांचा खोकला – गज टेकवण्याआधीची जन्माची सवय. रेकॉर्डिंगवाला कापायला निघाला होता, लेकीने कापू दिला नाही. तीन आठवड्यांनी हे गेले. तेव्हापासून तिने ते गाणं लावलेलं नाही. "माझ्याच्याने होत नाही गं, आई."

माझ्याच्याने होतं. रोज सकाळी चहा ठेवला की एकदा.

७ मार्च
करारात कलम आहे – त्या घरात स्वतःचं गाणं म्हणायचं नाही! गाण्याची जाहिरात करायला गेली आणि गाण्यालाच बंदी. न वाचता सही ठोकली असणार. मी चौथीत शाळा सोडलेली बाई, पण बाइंडिंगच्या कारखान्यात पानं शिवते ती वाचल्याशिवाय सुई घालत नाही. ही पदवीधर!

११ मार्च
धाकट्या दिरांनी फोनवर दाखवलं – प्रत्येक गाण्याखाली आकडा असतो, किती वेळा ऐकलं गेलं त्याचा. नववं : सव्वीस.

१२ मार्च
सत्तावीस.

१३ मार्च
अठ्ठावीस! रोज एक. म्हणजे कुणीतरी आहे. शिस्तीचा माणूस दिसतोय.

१६ मार्च
दूध कुणी संपवलं यावरून लेकीने काल एकीच्या अंगावर आमटीचा डाव भिरकावला. साऱ्या जगाने पाहिला. कारखान्यात आज सुई हातात धरू देईनात. "काय हो, तुमची डाववाली घरीही अशीच का?"

दुपारी मॅनेजरचा फोन. "मावशी, पोरीने कमाल केली! पहिलं गाणं ऐंशी हजारांवर गेलं!" एवढंच होतं तर रियाजाऐवजी भांडी फेकायला शिकवली असती. घरात भांडी पुष्कळ होती.

नववं एकतीस. ऐंशी हजारांतला एकही शेवटापर्यंत पोचला नाही, पण माझा माणूस ठाम आहे. एकटाच राहत असावा. खोकल्याला हसत नसणार.

२० मार्च
भाऊजी आले. मोठ्या कौतुकाने त्यांना माझ्या माणसाबद्दल सांगितलं. आधी हसले. मग चेहरा उतरला.
"वहिनी, तुम्ही ते गाणं रोज लावता?"
"हो. एकदा."
"मग… तो माणूस तुम्हीच."
चहा उतू गेला. आकडा पस्तीस.

२१ मार्च
लावलं नाही.

२३ मार्च
पस्तीसच.

२५ मार्च
लोकांनी मतं देऊन लेकीला बाहेर काढलं. संध्याकाळी घरी आली. निरोपाची भेट म्हणून तोच डाव दिलाय – सोनेरी मुलामा चढवून! गाडीतून उतरताना शेजारच्यांनी फोटो काढले. डाव वर धर म्हणाले. तिने धरला.

जेवताना खाली मान घालून म्हणाली, "बाबांचं गाणं कुणी ऐकलं का गं?"
खोटं बोलवेना. खरंही.
"एकजण रोज ऐकायचा. आता सोडलंय."
"का?"
"आपण एकटेच आहोत, हे कळलं त्याला."
ताट तसंच ठेवून खोलीत गेली.

२६ मार्च
छत्तीस. गाणं मी लावलेलं नाही. लेकीच्या खोलीचं दार बंद आहे, आणि आत आत्ताच हे पुन्हा खोकले.