कच्च्यातून पक्क्यात

मंगळवार, ४ मार्च

तुती गायब! अंजीर गायब. बाभूळसुद्धा.

आईचा जुना कॉम्प्युटर बसला, म्हणून आज नवा लावून दिला. तिच्या पुस्तकाच्या फायली सर्व्हरवर आहेत — नुसती साल बघून झाड कसं ओळखायचं, त्याचं पुस्तक. एका झाडाची एक फाइल. कोणती फाइल कधी बदलली, कुठून कुठे हलवली, असा सगळा इतिहास राखणारा प्रोग्राम आम्ही ऑफिसात वापरतो, तोच मी तिला घालून दिलाय. नव्या कॉम्प्युटरवर क्वेरी, म्हणजे मागणी, दिली: 'कच्चं' हे अर्धवट लिखाणाचं फोल्डर सोडून बाकी सगळं आण. आलं ते अर्धंमुर्धं.

"तुती मी लिहिली होती गं," आई म्हणाली. मग जरा वेळाने, "लिहिली होती ना?"

हे दुसरं वाक्य मला अजिबात आवडलं नाही.

बुधवार, ५ मार्च

दादाचा फोन. आईनेच त्याला सांगून टाकलं! "विसरण्याचं हे असंच सुरू होतं," तो म्हणाला. "डॉक्टरांना दाखव." मी म्हटलं, आधी फायली तर शोधू दे. चिडून फोन ठेवला. खरं म्हणजे चिडले नव्हते, घाबरले होते.

शनिवार, ८ मार्च

सापडली! तुती, अंजीर, बाभूळ — सगळी सर्व्हरवर, 'पक्कं' फोल्डरमध्ये, धडधाकट. क्वेरी न देता एकेक उघडून पाहिली. धावत स्वयंपाकघरात गेले आणि आईला सांगितलं.

ती खूश होईल असं वाटलं होतं. तिने शांतपणे गॅस बंद केला. "म्हणजे लिहिली खरी. पण ठेवताना मीच काहीतरी चुकीचं केलं असणार. एवढा मोठा प्रोग्राम, तो कसा चुकेल?"

दादाचंही तेच. "जगभरचे लोक वापरतात. त्यात चूक, आणि ती सापडली कोणाला, तर आईला? भलतंच काहीतरी दाबलं असेल तिने."

पुस्तक छापखान्यात द्यायचं नाही म्हणते आई. "माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही, वाचणाऱ्याने कसा ठेवायचा?" जन्मभर पोरांना वनस्पतिशास्त्र शिकवलेली बाई. आज सबंध दिवस कॉम्प्युटरकडे फिरकली नाही.

सोमवार, १० मार्च

आलेली झाडं आणि न आलेली झाडं शेजारी-शेजारी मांडून बसले. निलगिरी आली. सुरूचं झाड आलं. तुती नाही. का?

आईला विचारलं. "निलगिरी सोपी. थेट पक्क्यात लिहिली. तुतीने छळलं बाई — कोवळ्या झाडाची साल वेगळी, जून झाडाची वेगळी. ती आधी कच्च्यात लिहिली, मनासारखी झाली तेव्हा पक्क्यात हलवली."

हलवली! म्हणजे ज्यांच्यावर सगळ्यात जास्त मेहनत घेतली तीच झाडं गळाली.

गुरुवार, १३ मार्च

चोर सापडला. प्रोग्रामचा कोड कोणालाही वाचायला खुला आहे, त्यातल्याच तीन ओळी!

फाइल हलवली की प्रोग्राम तिचा जुना पत्ता लक्षात ठेवतो. चांगलंच आहे. पण एखादं फोल्डर वगळायला सांगितलं की हा शहाणा जुना पत्तासुद्धा तपासतो. तुती जन्मली कच्च्यात, मग ती पक्क्यात गेली तरी कच्चीच. एकदा कच्ची ती कायमची कच्ची!

इतकी वर्षं कोणाला कसं दिसलं नाही? कारण आम्ही कोड लिहिणारी मंडळी फाइल जिथे बनवतो तिथेच ठेवतो. कच्चं-पक्कं वेगळं ठेवण्याची शिस्त आम्हाला कुठली!

दुरुस्ती लिहून प्रोग्राम सांभाळणाऱ्यांना पाठवली.

रविवार, १६ मार्च

नापास. उत्तर देणाऱ्या गृहस्थांचं खरं नाव माहीत नाही, त्यांच्या नावापुढे घुबडाचं चित्र असतं. घुबडराव लिहितात, "तुमच्या बदलाने आमची जुनी टेस्ट फेल होते. प्रोग्राम बरोबर आहे. वापरण्यात चूक असावी."

दादाचंच वाक्य! हे आईला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही, तेच जास्त लागलं.

मंगळवार, १८ मार्च

ती टेस्ट, म्हणजे प्रोग्राम बरोबर चालतो का ते तपासणारी प्रश्नपत्रिका, उघडून वाचली. हलवलेली फाइल, क्वेरी, आणि खाली 'बरोबर उत्तर' — त्यात ती फाइल नाहीच! म्हणजे टेस्टच चुकीची. असं कोण लिहील?

कोणी लिहिलंच नव्हतं. प्रोग्राम चालवला, तो जे म्हणाला ते उचलून 'बरोबर उत्तर' म्हणून चिकटवलं. पोराने जे लिहिलं तेच आदर्श उत्तर म्हणून छापायचं, आणि मग त्याला पैकीच्या पैकी द्यायचे! आईला हे सांगितलं तर ती हसली. किती दिवसांनी!

"पण चिकटवलं कोणी?" तिने विचारलं. इतिहास काढून पाहिला. घुबडरावांनीच.

आता हे त्यांना लिहायचं कसं? नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात, पण माणूस दुखावला तर दुरुस्ती अडेल. आई म्हणाली, "चूक दाखव, माणूस दाखवू नकोस." तसंच लिहिलं, आणि ही चूक आईच्या पुस्तकामुळे सापडली, तेही लिहिलं.

शनिवार, २२ मार्च

दुरुस्ती घेतली!! घुबडरावांनी टेस्टही स्वतः बदलली. खाली एक ओळ: "चूक माझी होती. ज्यांना ही सापडली त्यांना माझा नमस्कार कळवा."

कळवला. आईने ती ओळ स्वतः वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग नवा प्रोग्राम घालून क्वेरी तिनेच दिली. मी हात लावला नाही. तुती आली, अंजीर आलं, बाभूळ आली — एकही झाड राहिलं नाही. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे मी नव्हते." मला रडू आलं. तिने लगेच बाभळीतलं एक वाक्य खोडून नवं लिहायला घेतलं.

दादाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आईला दे." काय बोलले कोण जाणे, पण ती बराच वेळ त्याला तुतीच समजावत होती.

मंगळवार, २५ मार्च

पुस्तक छापखान्यात दिलं. येताना आई म्हणाली, "आता दुसरं सांगते. गेल्या महिन्यात लायब्ररीतून परतताना मला आपली गल्ली सापडेना. ओळखीची दुकानं, पण कुठे वळायचं ते आठवेना. तेव्हा वाटलं, सगळंच चाललं आपलं, म्हणून बोलले नाही. आता कळलं — कुठली चूक माझी आणि कुठली नाही, ते शोधता येतं. डॉक्टरांकडे चल माझ्याबरोबर."

परवाची वेळ घेतली आहे. दादाला ती स्वतःच सांगणार आहे.