पौर्णिमाच्या कानांचा एकवीस दिवसांचा कोर्स

२४ मार्च, सोमवार
परळीहून बीडला थेरपीवाल्या मॅडमकडे गेलतो. पौर्णिमा सात वर्षांची, ऑटिझम. अजून बोलत नाही. आवाज सोसत नाही. कुकरची शिट्टी झाली की कानावर हात अन् डोकं भिंतीला. मॅडमने रोज काय करायचं ते लिहून दिलं. तीन पानं. झोका, जड वस्तू ढकलणं, दाबून तेल लावणं, आवाजापासून जपणं, जबरदस्ती नको.
अक्षर चांगलं आहे. पण मॅडम कधी टर्बाइनशेजारी उभ्या राहिल्या नाहीत. मी वीज केंद्रात अकरा वर्षं उभा आहे. पहिल्या महिन्यात चक्कर यायची, आता तिथं डुलकी लागते. सवयीने सगळं होतं.
संकल्प: १४ एप्रिलच्या जयंतीला बरोबर एकवीस दिवस आहेत. यंदा पौर्णिमा माझ्या खांद्यावर बसून मिरवणूक बघणार. मी माझ्या बापाच्या खांद्यावर बसून बघायचो. सगळ्यांची लेकरं असतात, आमचंच एक घरात कोंडलेलं. बास झालं.

२५ मार्च
मोबाइलमध्ये आवाज मोजायचं अ‍ॅप घेतलं. भिंतीवर चार्ट. रोज थोडा थोडा वाढवायचा, मशीन लोडवर घेतात तसा. बायकोने, मायाने विचारलं, मॅडमचं लिहिलेलं वाचलं का. वाचलं म्हणालो. पहिलं पान वाचलंय.

२७ मार्च
एक शिट्टी. पौर्णिमा मोरीत जाऊन बसली, चाळीस मिनिटांनी बाहेर. मागच्या वेळी पन्नास लागली असतील. म्हणजे वीस टक्के सुधारणा!
आई म्हणाली, कावून छळतो रे लेकराला, तिला न्हाई सोसत. आईला सायन्स कळत नाही.

३१ मार्च
जयंती समितीची मीटिंग. मला ध्वनिव्यवस्था प्रमुख केलं. बिनविरोध. प्लांटचा माणूस म्हणून. लई बेस झालं. आता आवाज माझ्याच हातात. डीजेवाला पप्पू म्हणाला, दादा, तुमच्या दारापुढं एकदम बारीक करू, शब्द हाय आपला. पप्पूच्या शब्दावर माझा विश्वास आहे. मायाचा नाही.

३ एप्रिल
मिक्सर, त्यावर मोबाइलवर हलगी. दोन्ही एकदम. पौर्णिमाने स्वतःचा हात चावला. मायाने तिला गोधडीत घट्ट गुंडाळून मांडीवर घेतलं, मग शांत. चार्टवर लिहिलं: समाधानकारक.
मायाने आढ्याला लुगड्याचा झोका बांधलाय. पोर ज्वारीचं गाठोडं ढकलत ओट्यापर्यंत नेते अन् परत आणते. म्हणे त्यानं तिला झोप लागते. माझ्या मते कोर्सनं थकून झोपते. वाद घातला नाही.

८ एप्रिल
माझा प्लांटमधला कानावरचा जुना मफ मायाने पौर्णिमाला घातला. दिवसभर उतरवला नाही. कुकर चालू असताना जेवली. आई कौतुकानं रडायला लागली.
मी काढून घेतला. असं कान झाकून सवय कशी होणार? इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात. पोर लई रडली. मायाने तिला उचलून माझ्याकडं पाठ केली. मोठं काम करणाऱ्याला घरचा विरोध असतोच.

१२ एप्रिल
माया म्हणते, दोन दिवस पोरीला घेऊन चौसाळ्याला माहेरी जाते, मिरवणूक झाली की येते. मी म्हणालो, कोर्स शेवटच्या टप्प्यावर आहे. ती म्हणाली, कोर्स तुमचा चाललाय, पोरीचा नाही. बायकांना मोठं चित्र दिसत नाही.

१५ एप्रिल, सकाळी
काल लिहायला हात वळला नाही.
संध्याकाळी साडेसातला मिरवणूक गल्लीत आली. पौर्णिमाला नवा निळा फ्रॉक घालून खांद्यावर घेतलं. लोक म्हणाले, व्वा दादा, पोरीला आणलं! छाती फुगली. डीजे खरंच बारीक होता. पाच मिनिटं. माझ्या आयुष्यातली चांगली पाच मिनिटं होती ती.
मग पलीकडच्या मंडळाचा डीजे चौकात आला. पप्पूने माझ्याकडं बघितलं. म्हणाला, दादा, इज्जतीचा सवाल हाय, वाढवू का? शंभर माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. मी ध्वनिव्यवस्था प्रमुख.
मी मान हलवली.
पौर्णिमा ओरडत असेल. मला ऐकू आलं नाही. तिनं माझे केस मुठीत धरले होते, एवढंच कळलं. मग मानेवरून गरम ओघळ आला, तिचा फ्रॉक ओला झाला होता. मायाने गर्दीतून येऊन तिला ओढून घेतलं.

१६ एप्रिल
चार्ट काढला. मॅडमची उरलेली दोन पानं वाचली. दुसऱ्या पानावर अधोरेखित आहे: आवाजाची सवय लावायचा प्रयत्न करू नका, भीती बसते. हे पहिल्या पानावर लिहायला पाहिजे होतं.

२० एप्रिल, रविवार
पौर्णिमा बोलली.
दुपारी झोक्यात होती. घरात ना पंखा चालू, ना टीव्ही, कुकरसुद्धा नाही. मी दारात उभा राहून हळूच म्हणालो, पौर्णिमा. तिनं कानावर हात ठेवले, माझ्याकडं बघितलं अन् म्हणाली, बंद.
स्वच्छ म्हणाली. सात वर्षांत पहिला शब्द. आई धावत आली, माया तिला धरून रडली. मॅडमला फोन केला, त्यांनी विचारलं, कुणाला म्हणाली? मायाने फोन घेऊन बाहेर जाऊन सांगितलं.
आता ड्युटीवरून आलो की ओट्यावर बसतो. पोर झोपली की माया आत बोलावते.