फिनाईलचा डबा

ता. ६ जानेवारी

चि. गुंड्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र बघून आठ्या घालू नकोस. फोन केला की तुझी बायको उचलते आणि तू कामात आहेस म्हणून ठेवून देते. अक्षर लागलं तर वाच, शाळेत मी होते किती ते तुला माहीत आहे.

गोबरगॅसची टाकी बंद पडली. शेगडी नुसती फुरफुरते आणि विझते. तुम्ही सुट्टीला आलात तेव्हा मी बाजारात गेले आणि मागे तुझ्या बायकोने फिनाईल ओतून गोठा घासला. ते पाणी थेट टाकीत जातं. शेणातले जंतू गॅस करतात, म्हणून गोठ्यात औषध घालायचं नाही, हे मी तिला आल्या दिवशी सांगितलं होतं. म्हणे वासाने आईला मळमळतं! आईचा जन्म शेणात गेला. तिला धुराचं वावडं, वासाचं नाही. धूर नको म्हणून तर टाकी बांधली.

आता पुन्हा चूल. सिलिंडरची गाडी आपल्याकडे येत नाही, विजेची शेगडी लावली की फ्यूज उडतो. आईचा दमा उसळलाय, बसूनच झोपते. मी टाकीत दुप्पट शेण लोटते आहे, बघू कशी पेटत नाही. टाकीवाला माझा फोन घेत नाही. तू सांग, तुझ्या साहेबी आवाजाला घाबरेल.

बायकोला विचार, किती ओतलं. खरं सांग म्हणावं, मी खात नाही तिला.

तुझी आक्का


ता. १५ जानेवारी

ती. आक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना कान धरून उभं राहावंसं वाटलं, लहानपणी तू उभं करायचीस तसं. टाकीवाल्याला फोन केला, येतो म्हणाला.

ही म्हणते, झाकणभरच घातलं होतं. थंडीत गॅस कमी होतोच, आक्का. प्रत्येक गोष्टीत हिलाच धरायचं का?

आईला मी रविवारी गाडी घेऊन न्यायला येतो. इथे धूर नाही, दवाखाना कोपऱ्यावर आहे. तुझी टाकी पेटली की आणून सोडतो, शब्द देतो. तोवर तू आणि तुझे जंतू सुखाने नांदा.

राग गिळ, माया राहू दे.

तुझा गुंड्या


ता. २० फेब्रुवारी

चि. गुंड्यास आशीर्वाद. वि. वि.

टाकी पेटली!

टाकीवाल्याने झाकण उघडून वास घेतला आणि मलाच झापलं. निम्मे जंतू फिनाईलने गेले, उरलेले मी शेण कोंबून मारले. पोट बिघडलेल्या माणसाला कोणी दुप्पट वाढतं का, म्हणाला. आत सगळं आंबट झालं होतं. मग शेण घालणं बंद केलं, आणि दूधवाल्याच्या चालू टाकीतून पिंपभर शेणाचा काला आणून विरजणासारखा ओतला. आधी आलेला गॅस काडीच विझवायचा. आता निळी ज्योत आहे, भांड्याचं बूड काळं होत नाही.

आणि झाकणभर म्हणे! रिकामा डबा गोठ्यामागे सापडला. बायकोला सांग, डबे लपवायचे तर नीट लपव.

ते असो. आईला आण. चूल फोडून टाकली, भिंतीला चुना दिला. तिची खाट खिडकीशी घेतली आहे. शब्द दिला आहेस.

वाट बघणारी,
आक्का


ता. ४ मार्च

ती. आक्कास सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. आई यायला तयार नाही. गाडीकडे न्यायला निघालो, तर जिन्यातच बसली. तिथे धूर आहे, आक्का मला धुरात ठेवते, एवढंच म्हणते. निळ्या ज्योतीचं सांगितलं, पण हल्ली तिच्या डोक्यात नवीन काही राहत नाही. तुझं नाव काढलं तरी नाकावर हात धरते.

हिने काल कबूल केलं. डबा अख्खा ओतला होता. तुझ्या तोंडाच्या भीतीने खोटं बोलली. पण आक्का, आईचं सगळं हीच करते, तिच्याच खोलीत झोपते.

एकटीसाठी आता गाई कशाला? विकून इकडे ये. आईला तुझी हळूहळू सवय होईल.

रागावलीस तरी लिही.

तुझा गुंड्या


ता. ११ मार्च

चि. गुंड्यास आशीर्वाद.

माझ्या आईला माझी सवय करायला मी यायचं? येत नाही. गाईही विकत नाही. एकटीच्या चहाला गॅस संपत नाही, पण टाकीला रोज घालावंच लागतं, नाहीतर पुन्हा मरते.

आईला ओढून आणू नकोस. माझं नाव तिच्यासमोर काढू नकोस, उगाच घाबरते.

बायकोला सांग, दम लागला की आईला आडवी करायची नाही. उशी पाठीला नको, पुढे मांडीवर द्यायची आणि तिच्यावर वाकू द्यायचं. पाणी कोमट, घोट घोट. फिनाईलचं मी सोडून दिलं असं सांगू नकोस. सोडलेलं नाही.

लोभ असेल तेवढा आईवर कर. माझ्या वाट्याचाही तिलाच दे.

आक्का