अँटिबॉडीज वाढल्यात, आई

आई, माझ्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये थायरॉईडच्या अँटिबॉडीज खूप वाढलेल्या निघाल्या आहेत आणि मी जाम घाबरले आहे. परळच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर गळ्याचं चित्र काढून समजावलं, "टीएसएच नॉर्मल आहे, म्हणजे ग्रंथी अजून नीट काम करतेय. पण तुमचंच शरीर तिला परकी समजून त्रास देतंय. पुढे ती मंदावू शकते, मंदावेलच असं नाही. आत्ता गोळी नको, सहा महिन्यांनी परत तपासू." मी शहाण्यासारखी मान हलवली, आणि बाहेर फुटपाथवर येऊन रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून वाचला. धड आजारी नाही, धड बरी नाही, नुसती वाट बघायची. सकाळपासून दहादा गळा चाचपून झाला.

निघताना त्या म्हणाल्या होत्या, "चेहरा सुजला, थंडी वाजायला लागली, आवाज बसला, तर लगेच या." तेव्हा मला तू दिसलीस. करी रोडच्या खोलीत, ऐन मे महिन्यात स्वेटर घालून बसलेली. चाळीत दर आठवड्याला एकेका बिऱ्हाडाची जिना धुवायची पाळी. त्या रविवारी आपली होती आणि तू उठतच नाहीस. शेजारच्या काकी दारातून ओरडतात, "काय गो, आज पण लोळतंस? जिनो कोण धुतलो?" मी पंधरा वर्षांची, शरमेने मेले. बादली उचलली आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "हिला कामाचा कंटाळाच आहे!" तू घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणालीस, "अंगात त्राणच नाय गं." तुझं रक्त कुणी कधी तपासलं नाही. तुला हेच होतं का, ते आता कुणीच सांगू शकणार नाही. पण हल्ली ऑफिसात दुपारी माझे डोळे मिटतात, लोक हसतात, आणि उद्या मलाही कुणी तसंच म्हणेल या विचाराने मी उठून तोंडावर पाणी मारून येते.

हे लिहून मी रिपोर्टच्या फाइलीत ठेवून देणार आहे. एक गोष्ट मात्र राहिली. तपासायच्या आधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "घरात कुणाला थायरॉईडचा त्रास? आईला?" मी हसत सांगितलं, "छे, आई नुसती आळशी होती." नंतर सगळं लक्षात आलं, तरी मी ते दुरुस्त केलं नाही. त्यांच्या केसपेपरवर अजून 'नाही' असंच आहे.