परत आलेले अकरा दिवे

३ मे २०१०

आम्ही बनवलेले अकरा दिवे परत! लग्नाच्या लॉनवर ऐन वरमालेला विझले म्हणे. व्यापाऱ्याने एक उचलून गाझियाबादच्या आमच्या शेडच्या दारातच आपटला. काचा माझ्या चपलेपर्यंत. "ये लाइट है या तंदूर?" सुजयची कॉलर धरली. माझ्या पोराची — माझ्यादेखत.

४ मे

आमचा कारागीर अंबादास, त्याने एक दिवा खोलला. आतला पॉवर सप्लाय जळलेला. नवा घातला. उघडा ठेवला तर चालतो, पेटीत बंद केला की अर्ध्या तासात गप्प! मला म्हणाला, "अण्णा, याला गरमी मारतेय."

मी शाळेतल्या कवितेची एक ओळ म्हटली. त्याने सोल्डर करता करता पुढची म्हटली. लातूरकडचा, दोन मुलींचा बाप — अजून पाठ! सुजयला एकही येत नाही. तो लहान असताना दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, पट्टी घेऊन शिकवल्या होत्या. चुकलेल्या ओळीला एक फटका.

५ मे

"वायरिंग तुझं, चूक तुझी. चल, निकल!" सुजयने चौकटीची लोखंडी पट्टी उचलली. अंबादासच्या उजव्या हातावर. एक. दोन. तीन. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"साहेब, आईशपथ, मी नाही!"

मी "सुजय!" म्हणालो — एवढंच. तो मोजत होता. मीही असाच मोजायचो.

७ मे

अंबादासच्या हाताला प्लास्टर. नोकरी गेली.

सगळे सप्लायच बघत बसलो होतो. आज दिवा थंड ठेवणाऱ्या आतल्या छोट्या पंख्याला बोट लावलं — फिरेना. मधलं स्टिकर सोललं. काळा, चिकट लगदा. वास ओळखीचा... माझ्या बायकोच्या, भानुमतीच्या, शिलाई मशीनचं तेल!

मीच घातलेलं. मार्चमध्ये पॅकिंगला बसून एकेक दिवा लावून बघायचो, तेव्हा पंखे घरघरायचे, मनातली कविता तुटायची. म्हणून प्रत्येकात दोन-दोन थेंब — ती असताना घरच्या टेबलफॅनला द्यायचो तसे. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात! मग इथली धूळ, हे ऊन. पंखे अडकले, सप्लाय भाजून निघाले.

बाटली संपली म्हणून बिनतेलाचा राहिलेला एक दिवा शेडमध्येच होता. तो लावून बसलो. दुपारभर घरघरला — विझला नाही.

८ मे

अंबादासला बोलावून घेतलं. त्याच्यासमोर सुजयला सगळं सांगितलं. पट्टी मीच सुजयच्या हातात दिली, हात पुढे केला.

सुजय शांतपणे म्हणाला, "म्हणा बाबा, कविता म्हणा."

पहिलीच ओळ आठवेना.