चाळीस टोप्या आणि मंडळीची यादी

शिरूर,
१२ जानेवारी १९६४

प्रिय सत्यवानभावोजी यांस,

मार्थावहिनीचा सलाम. हन्नाला आणि दोन्ही मुलींना माझे आशीर्वाद सांगा. हन्नाचा खोकला गेला का? (गेला नसेल तर अडुळशाचा काढा द्या, आणि ती नको म्हणाली तर तुम्ही समोर बसून द्या. ती मोरीत ओतते. मला लग्नाच्या वर्षापासून माहीत आहे.) इथं आम्ही दोघंही बरे आहोत, म्हणजे वेळेवर जेवतो आणि वेळेवर एकमेकांवर चिडतो.

तुम्ही आमच्या घरी आला नाहीत त्याला दोन महिने झाले. का आला नाहीत हे तुम्हाला, मला आणि दौंडच्या रायफल क्लबाच्या मैदानावर त्या दिवशी उभ्या असलेल्या शंभरेक माणसांना माहीत आहे, तेव्हा तो विषय मी काढत नाही. एवढंच लिहिते की न्हावऱ्याच्या बापूसाहेबांनी दादांनी भरलेली काडतुसं उडवली आणि दहा गोळ्यांपैकी चार वर गेल्या आणि तीन खाली, तेव्हा "दादाचा हात गेला आता" हे तुम्ही जरा हळू म्हणाला असतात तरी चाललं असतं. तुमचे दादा न जेवता मिळेल त्या एस.टी.नं घरी आले. (दौंडला तुमच्या घरी हन्नानं केलेलं मटण तसंच राहिलं असेल. मला त्याचंही वाईट वाटलं.)

बापूसाहेब मोठे बागाईतदार, पण बोलायला मऊ. ते दादांना एवढंच म्हणाले, "योहानराव, तुमची काडतुसं आमच्या सोसायटीच्या मेंबरांवानी हायत. एक वर बघतंय, एक खाली." मग त्यांनी सव्वीस जानेवारीच्या सामन्यासाठी चाळीस काडतुसं नव्यानं भरून मागितली, आणि ती सारखी निघाली तर क्लबाच्या हत्यारखान्यात दादांना कायमचं लावून घेऊ, नाहीतर पुण्याचा माणूस बघू, असं सांगितलं. सैन्यातून परत आल्यापासून हा माणूस घरात नुसता बसून आहे. तुम्ही त्यांना बसलेलं कमी पाहिलंय, मी रोज पाहते. खिडकीची बिजागरी त्यांनी वर्षभरात सहा वेळा दुरुस्त केली, आणि ती एकदाच बिघडली होती.

आता पुढचं थोडं हन्नासाठी, कारण ती तुमच्या खांद्यावरून वाचत असणार. बापूसाहेबांची रायफल लांब पल्ल्याची, तिचं काडतूस माझ्या मधल्या बोटाहून लांब. विलायती माल आता येत नाही, म्हणून उडवलेल्या काडतुसांच्या पितळी नळ्या क्लबाच्या परवान्यावर पुन्हा भरतात. नळीच्या बुडाशी मसुराएवढी एक टोपी बसवायची असते. रायफलीचा खिळा तिच्यावर आपटला की ती पेटते आणि आतली दारू पेटवते. ही टोपी प्रत्येक नळीत अगदी सारखी दाबली गेली पाहिजे. एक उचललेली आणि एक रुतलेली राहिली तर जवळ काही कळत नाही, पण हजार वारांवर एक गोळी हातभर वर जाते आणि दुसरी हातभर खाली. दादा हे काम एका छोट्या दांड्याच्या यंत्रावर करतात. किती दाबायचं ते अंगठ्याला कळावं लागतं, दुसरं काही उपयोगाचं नाही.

सुरुवातीला त्यांनी दोष घराला दिला. दारूजवळ विस्तव नको म्हणून चूल बंद (हे योग्यच), आणि टोप्या बसवताना पाट्यावरवंट्याचा आवाज नको म्हणून वाटणंही बंद. मी आठवडाभर शेजारच्या सरूबाईंच्या पडवीत स्वयंपाक केला. तिसऱ्या दिवशी माझ्याजवळ उकिडव्या बसून म्हणाल्या, "मार्थाबाई, पुरुषमाणूस हाय, चुकतंया. पन म्हून कुनी चूल येगळी करतं व्हय?" मी टोप्यांचं सांगायला गेले. त्यांना वाटलं मी पांघरूण घालते आहे. रविवारपर्यंत ही बातमी चर्चच्या पाळकसाहेबांपर्यंत पोचली आणि ते आम्हा दोघांचा समेट करायला आले. दादांनी त्यांना विडी विझवून बाहेर बसायला सांगितलं, त्यामुळे त्यांची खात्रीच पटली. (अजून ते मला रस्त्यात भेटले की फार हळू बोलतात.)

शांतता झाली तरी टोप्या सारख्या बसेनात. मग दादांच्या मनानं घेतलं की हाताला ताल हवा. गाणं नको, गाण्यात हात भरकटतो. कोणीतरी एकसारखं वाचत राहावं आणि दर शब्दाला एक टोपी बसावी. मी स्त्रियांच्या मंडळाची चिटणीस, माझ्याजवळ मंडळीच्या सभासदांची यादी होती. तिच्याइतकं कोरडं काय असणार? दुपारी जेवणं झाल्यावर मी एक नाव वाचायची, ते एक टोपी बसवायचे. अशा चाळीस झाल्या. मापानं तपासल्या तर आधीपेक्षा वाईट.

नळ्या ओळीनं मांडलेल्या होत्या. का कोण जाणे, मी शेजारी यादी ठेवून प्रत्येक नळीच्या बुडावरून नख फिरवत गेले. मंडळीचे वडील, म्हणजे पंच, विल्यमराव, ज्यांनी चर्चमधला आमचा बाक मागच्या ओळीत नेला, त्यांची टोपी अशी रुतली होती की नख आत गेलं. विल्यमरावांच्या घरची चारही माणसं रुतलेली, धाकटी सूनसुद्धा, जी बिचारी गेल्या उन्हाळ्यात आली. अनसाबाई, ज्यांचा मुलगा दिवाळीत गेला, त्यांची टोपी नुसती ठेवल्यासारखी, वर आलेली. भावोजी, तेवीस वर्षं संसार केला. हा माणूस कोणाबद्दल बरं बोलत नाही आणि वाईटही बोलत नाही, आणि इथं सगळं पितळेत उमटलेलं. मला दुसऱ्याची पत्रं वाचल्यासारखं झालं.

मग अर्थातच मी माझं नाव शोधलं. माझी टोपी रुतलेली नव्हती आणि वर आलेलीही नव्हती. काठाशी समपातळीत, नखाला काही लागतच नव्हतं. मी थोडी खट्टू झाले, खोटं कशाला सांगू. वाटलं, विल्यमरावांसाठी राग आहे, अनसाबाईंसाठी माया आहे आणि आपल्यासाठी काहीच नाही. दादांनी ती नळी माझ्या हातातून घेतली, माप लावलं, पुसून पुन्हा लावलं. मग म्हणाले, "ही बरोबर आहे. सगळ्या अशा बसायला पाहिजेत."

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. यादी कपाटात गेली आणि चाळीस वेळा एकच नाव घेतलं गेलं. मार्था, मार्था, मार्था. (विसाव्यांदा स्वतःचं नाव ऐकताना ते दुसऱ्या कोणाचं तरी वाटायला लागतं, एखाद्या बऱ्या बाईचं.) सरूबाईंनी भिंतीपलीकडून ऐकलं आणि समेट झाला म्हणून पाटीभर वांगी पाठवली. न्हावऱ्याच्या माळावर बापूसाहेबांनी परवा त्यातली दहा उडवून पाहिली. दहाही गोळ्या जेवणाच्या ताटात मावतील एवढ्या जागेत. दादांना क्लबात घ्यायचं ठरलं.

तब्येतीला जपा. हन्नाला वेगळं लिहीन.

तुमची वहिनी,
मार्था

ता. क. वर मी एक गोष्ट नीट लिहिली नाही. यादी कपाटात गेल्यावर नाव दादा घेत होते. टोप्या मी बसवल्या. त्यांच्या उजव्या अंगठ्याला गेल्या पावसाळ्यापासून नीट कळत नाही, आणि हे त्यांना तुमच्याआधी माहीत होतं. बापूसाहेबांना त्यांनी स्वतःहून सांगितलं. बापूसाहेब म्हणाले, मग दोघंही या, त्यात काय. तुम्ही म्हणालात ते खरं होतं, भावोजी. म्हणूनच ते इतकं लागलं.

ता. क. २. आता खरं काम. दौंडात राहायला जागा हवी, आणि तुमच्या घरामागची खोली रिकामी आहे. दादा तुमच्याकडे कधी मागणार नाहीत. म्हणून तुम्हीच त्यांना पत्र लिहा, माझं चुकलं, माफ करा, इथंच येऊन राहा, असं. तुमचं चुकलेलं नाही हे मला माहीत आहे. तरी लिहा. खरं बोलणाऱ्यानंच माफी मागावी हे बरोबर नाही, पण त्यांना मागता येणार नाही आणि तुम्हाला येईल.

ता. क. ३. पत्र पोस्टात टाकायला दादा निघाले, आणि पाकीट चिकटवलेलं नव्हतं. ओट्यावर उभे राहून त्यांनी सगळं वाचलं. परत आत आले आणि म्हणाले, "माफीचं खोड. खोलीला खिडकी आहे का, तेवढं विचार."